पडणारे कोण, शिकणारे कोण?

महोदय,

माझ्या ८१ वर्षांच्या आईला भावाने पडणं ओळखणारं घड्याळ पाठवलं. ती न्हाणीघरात घसरली तेव्हा ते चार्जिंगला होतं. दुसऱ्यांदा हातात होतं, पण ती पलंगाच्या कडेवरून हळूहळू सरकत खाली आली आणि घड्याळ गप्पच. खलबत्त्यात दाण्याचं कूट करताना मात्र लगेच विचारतं, ‘आपण पडलात का?’

यात नवल नाही. यंत्राला शिकवायला पडण्याचे नमुने लागतात, आणि म्हाताऱ्यांना मुद्दाम कोण पाडणार? कोलंबियातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सिसफॉल’ नमुनासंचात पडून दाखवणारे २३ जण तरुण होते. साठीचा एकच, तोही ज्यूदोतला जाणकार! बाकी ज्येष्ठांनी चालणं, उठणं-बसणं एवढंच केलं.

मी भोसरीत तीस वर्षं कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, तपासली. दोष ओळखणारा कॅमेरा आला तेव्हा त्याला शिकवताना अडचण हीच होती: चांगले जॉब (भाग) हजारोंनी, ब्लोहोलवाले, म्हणजे हवेचं भोक राहिलेले, मोजके. तेलाचा डाग दिसला तरी कॅमेरा जॉब रिजेक्ट करायचा. पण आम्ही स्क्रॅपच्या पेटीतले खरे दोष त्याच्यापुढे धरले, शंकेचा जॉब माणसाकडे पाठवला, आणि दोनेक महिन्यांत तो बराच सुधारला.

घड्याळांना अशी पेटी नाही. निदान कोणत्या वयाच्या माणसांवर चाचणी झाली आणि सावकाश पडणं किती वेळा निसटलं, हे कंपन्यांनी खोक्यावर छापावं. बॅटरीचे तास छापतातच की!

– एक निवृत्त गुणवत्ता निरीक्षक, पुणे