बर्फ छापलेला नसतो

नाशिकरोड

प्रिय वैशू,

लेकीला वाढदिवसाला कोणतं पुस्तक घेऊ म्हणून तू विचारलंस आणि मला दुसरं काही सुचेचना, आमचं ते अस्वलाचं पुस्तकच सारखं डोळ्यासमोर यायला लागलं. तू बघितलंयस बहुतेक, क्वार्टरमध्ये लोखंडी कपाटावर ठेवलेलं असायचं, मोठ्ठं, पातळ, मॉस्कोत छापलेलं आणि आत चक्क मराठी. त्या काळी प्रगती प्रकाशन आणि नंतर रादुगाची अशी पुस्तकं तिकडून छापून यायची, अनिल हवालदारांनी त्यातल्या कितीतरी पुस्तकांची भाषांतरं केली, आणि किंमत एवढी कमी की अण्णांसारख्या, टपाल तिकिटं छापणाऱ्या सरकारी प्रेसमधल्या कामगारालाही पोरीसाठी घेताना खिसा चाचपावा लागायचा नाही. पुढे १९९१ ला सोव्हिएत युनियनच मोडलं आणि ती यायची बंद झाली. आमचं त्याच्या आधीचं.

अण्णा गोष्ट वाचून दाखवायचे, अस्वलाचा आवाज वगैरे काढून, पण त्यांचा खरा जीव छपाईत. तिकिटांच्या सेक्शनला होते ना ते. रात्रपाळी करून आले की आंघोळ, चहा, आणि मग मी पुस्तक घेऊन मांडीवर. त्यांच्याकडे एक भिंगाची काच होती, मेन रोडवरून स्वतःच्या पैशाने घेतलेली, कारण प्रेसमधून कागदाचा कपटासुद्धा बाहेर येत नाही, गेटवर झडती असते हे तुला माहितीच आहे. ती काच ते गवतावर ठेवायचे आणि म्हणायचे, सांग बरं, हिरवा कुठाय? मी डोळा लावून बघायचे तर हिरवा नाहीच! पिवळे ठिपके आणि निळे ठिपके, काही शेजारी शेजारी, काही एकमेकांवर चढलेले, आणि काच उचलली की परत हिरवंगार गवत. अगं मला तेव्हा ती जादूच वाटायची आणि खरं सांगू का, अजूनही वाटते.

त्यात एक म्हातारी होती लाल रुमाल बांधलेली. रुमालाच्या रेघेबाहेर एका बाजूला बारीकशी गुलाबी कड आलेली, मला वाटायचं वाऱ्याने रुमाल उडतोय. अण्णा म्हणाले, वारा नाही, रजिस्टर हललंय, म्हणजे प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते, ती आधीच्या रंगावर बरोबर बसली पाहिजे, इथे गुलाबी केसभर सरकलाय. मी एवढंसं तोंड केलं असणार, कारण लगेच म्हणाले, पण तुझंही बरोबर आहे, वारा असेलच तिथे.

आणि बर्फ! अख्खं पानभर बर्फ, मधे एक लाकडी घर. आपल्याला थंडी माहीत ती निफाडची, जानेवारीत पेपरात निफाडचा पारा छापून आला की मी हटकून तेच पान उघडून बसायचे. तर एकदा अण्णांनी बर्फावर काच ठेवली आणि खाली काहीच नाही. एक ठिपका नाही, नुसता कागद. म्हणाले, बर्फ छापलेलाच नाहीये, झाडं छापली, घर छापलं, सावल्या छापल्या, उरला तो बर्फ. सावलीत तेवढे निळे ठिपके, एकेक लांब लांब, आणि एवढ्याशा निळ्यावर त्या पानावर गारठा पडायचा. ज्याने ते चित्र काढलं त्याला कुठे काय सोडायचं हे किती पक्कं ठाऊक असेल, विचार कर. माझं चित्रं बघणं त्या पानापासून सुरू झालं असं मी कुणालाही सांगेन.

मधे अरविंद गुप्तांच्या साइटवर तसली जुनी रशियन पुस्तकं मराठीत मिळाली, फुकट, मी टॅबवर उतरवून अण्णांना दाखवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना रंग परत चकचकीत दिसतात. एवढे खूश झाले, पानं सरकवत राहिले, मग सवयीने झूम करत गेले आणि थांबले. म्हणाले, या लाटा छपाईच्या नाहीत, छपाईच्या ठिपक्यांवर स्कॅनरची जाळी बसली की अशा उठतात. तरी दोन्ही वेळचा चहा टॅब मांडीवर घेऊनच झाला त्यांचा.

म्हणून लेकीला पीडीएफ दाखव हवं तेवढं, पण एक तरी कागदाचं असू दे, आणि ते जवळ घेऊन, बोट ठेवून बघायचं, घाई न करता. मी नॅशनल बुक ट्रस्टचं एक चित्रांचं घेऊन ठेवलंय, त्यात गवत भरपूर आहे. सोबत एक काचही पाठवतेय, दहा पट मोठं दाखवणारी, अण्णांनी स्वतः दुकानात तीन-चार लावून बघून निवडली आणि दुकानदाराचं कॅलेंडर तपासून झालं त्या निमित्ताने. तुझा नवा पत्ता पिनकोडसकट लगेच कळव. मी कुरिअर म्हणत होते पण अण्णा ऐकत नाहीत, म्हणतात तिकिटं लावून पोस्टानेच जाऊ दे, पोरीला आधी तिकिटावर काच ठेवायला सांग.

तुझीच,
माधवी