सुटकेनंतरच्या उपचारांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

हे पत्र दोन महिन्यांपूर्वीच आपल्या हाती पडायला हवे होते. रोजच्या धावपळीत राहून गेले, क्षमस्व.

आधी ऋण मान्य करते. विकल्या गेलेल्या, डांबून ठेवलेल्या आणि तिथून सुटका झालेल्या बायकांसाठीचे आपले निवारागृह सुरू झाले तेव्हा एक खोली, दोन खाटा आणि डॉक्टरताईंची बॅग एवढाच संसार होता. आज स्वतंत्र तपासणीखोली आहे आणि तिच्या दाराला आतून कडी आहे. जिच्या दाराला वर्षानुवर्षे बाहेरून कडी होती, ती बाई ही कडी दोन-तीनदा लावून काढून पाहते. ही खोली निवृत्त शिक्षिकांच्या गटाने बांधून दिली आणि नावाची पाटीसुद्धा लावू दिली नाही. लसींचा फ्रीज औषधविक्रेत्या बंधूंनी दिला. डॉक्टरताई आणि त्यांच्या परिचारिका दर आठवड्याला विनामोबदला येतात. नीट समजावून, होकार घेतल्याशिवाय इथे एकाही बाईचे रक्त तपासलेले नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. रात्र रात्र रुग्णालयात सोबत बसणाऱ्या मावशींचा उल्लेख मात्र एकाही अहवालात झाला नाही. ती चूक माझी.

सुटका झाली की प्रश्न मिटला, असे पुष्कळांना वाटते. आमचे काम तिथून सुरू होते. देहविक्रयासाठी विकल्या गेलेल्या आणि पुढे नेपाळला परतलेल्या २८७ मुली-स्त्रियांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३८ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. पंधरा वर्षांच्या आत विकल्या गेलेल्यांत तर ६० टक्क्यांहून जास्त. नकार द्यायची सोय नाही, निरोधाचा आग्रह धरायची मुभा नाही आणि कोवळ्या शरीराला होणाऱ्या जखमा. वर या अड्ड्यावरून त्या अड्ड्यावर हलवणे, म्हणजे सुरू झालेला औषधाचा कोर्सही अर्धा. परमा आणि क्लॅमिडिया हे शरीरसंबंधातून होणारे आजार बाईच्या अंगात कित्येकदा काही न दाखवता राहतात आणि पुढे वंध्यत्व येऊ शकते. असाच लागणारा सिफिलिस गरोदरपणात उपचार न झाल्यास बाळापर्यंत पोचू शकतो. कारखान्यात किंवा घरकामाला डांबलेल्या बायकाही यातून सुटत नाहीत. कोंदट खोलीत दाटीवाटीने राहिल्यावर क्षय आणि खरूज पसरायला वेळ लागत नाही.

हे सगळे आटोक्यात येते, पण वेळ लागतो. क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने, मध्येच सुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. कावीळ-बी ची तिसरी लस पहिलीनंतर सहा महिन्यांनी. एचआयव्हीची औषधे जन्मभर. पण ती नियमित घेऊन रक्तातले विषाणू मोजणीत न येण्याइतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. ताटवाटीतून तर ती कधीच होत नव्हती.

हे मुद्दाम लिहिते, कारण गेल्या वेळच्या आवाहनानंतर एकांनी देणगी देऊ केली ती "त्यांची भांडी वेगळी ठेवा" या अटीवर. आम्ही ती घेतली नाही. त्या आवाहनाला आलेली उत्तरे मोजायला दोन हातांची बोटेही लागली नाहीत. सुटकेची बातमी आली त्या दिवशी मात्र फोन थांबत नव्हता. आपल्याच माणसांकडून हे झाले, म्हणून लागले. आता तिसऱ्या लशीच्या तारखा तोंडावर आल्या आहेत, क्षयाच्या दोन बायकांचे निम्मेच उपचार झाले आहेत आणि पुढच्या महिन्याच्या प्रवासखर्चाची तरतूद नाही.

काय हवे : लसी व तपासण्यांचा खर्च, रुग्णालयात जाण्यायेण्याचे भाडे, सकस आहार, महिन्यातून दोन दिवस सोबत जाणाऱ्या स्त्रिया (आधी डॉक्टरताईंशी बोलावे, कोणाचेही नाव-ओळख बाहेर सांगायची नाही, फोटो नाहीत). धनादेश संस्थेच्या नावे, कार्यालयात, पावती लगेच. एकरकमी जमत नसेल तर दरमहा थोडे दिले तरी चालेल, उलट ते जास्त उपयोगी. जुने कपडे तूर्त नकोत, फोडलेली औषधे मुळीच नकोत. महिनाअखेरीपर्यंत कळवावे.

आपली,
सचिव