गंजलेले स्क्रू सोडवून देणाऱ्या काकांना

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

न्हाणीघराच्या दाराचं काम पूर्ण झालं. तुमचे आभार तेव्हाच मानले होते, पण तेवढ्याने मन भरलं नाही. तुम्ही जे दाखवलंत ते गंजलेल्या स्क्रूशी झटणाऱ्या कुणाच्याही कामी येईल, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

तुमच्याआधी जो तो एकच सांगत होता: बिजागऱ्या उचकटा, चौकट नवी बसवा. तुम्ही हत्यार हातात घेण्याची घाईच केली नाहीत. जाड सुईने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेतला गंज आणि जुना रंग टोकरून काढलात. मग स्क्रू ड्रायव्हरचं एकेक बिट, म्हणजे बदलता येणारं टोक, लावून पाहिलंत आणि खाचेत जराही न डुगडुगणारं तेच घेतलंत. निम्मं काम तिथेच झालं, असं मला आता वाटतं.

आपण ज्याला स्टार स्क्रू म्हणतो, त्याच्या खाचेचं पेटंट हेन्री फिलिप्स यांना १९३६ मध्ये मिळालं. त्या खाचेच्या भिंती आत निमुळत्या होत जातात, म्हणून पिळण्याचा जोर वाढला की बिट वर सरकतं आणि खाच खरवडली जाते. तुम्ही सगळा भार आधी दाबण्यावर का टाकत होतात, ते यामुळे उमगलं.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांमध्ये फुगून बसतो. ती पकड आधी मोडायला हवी. लोखंडी फाटक असतं तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबलो असतो, पण लाकडात रुतलेल्या स्क्रूपर्यंत तेल नीट पोचत नाही, उलट लाकडावर डाग पडतात. म्हणून तुम्ही सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरलंत. धातू प्रसरण पावला, निवल्यावर आकसला. मग सोडवायच्या आधी स्क्रू किंचित आवळलात. ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि तुम्ही नुसते माझ्याकडे बघितलंत. तो आवाज मी विसरणार नाही! (तेल आणि उष्णता एकत्र नको, ते पेट घेतं, हेही तुम्ही बजावलं होतंत.)

एका स्क्रूचं डोकं पार गोल झालेलं होतं. ते ड्रिलने उडवलंत, बिजागरी मोकळी झाली आणि बाहेर उरलेला दांडा लॉकिंग पक्कडीत धरून सावकाश फिरवत काढलात. चौकटीला ओरखडासुद्धा नाही.

नवे स्क्रू निवडताना तुम्ही जो विचार केलात, त्याबद्दल मी जास्त ऋणी आहे. जस्ताचा मुलामा ओलीत हळूहळू संपतो, म्हणून स्टेनलेस घ्यायला लावलेत, आणि बिजागऱ्याही त्याच धातूच्या. त्यातही घरात ३०४ प्रतीचं स्टेनलेस पुरतं, समुद्राच्या खाऱ्या हवेत ३१६ प्रतीचं बरं. खाच सहा पाकळ्यांची, टॉर्क्स. तिच्या भिंती सरळ असल्याने बिट निसटत नाही. जुनी भोकं लाकडी खुंटी आणि सरस घालून बुजवली, नवीन भोक स्क्रूच्या गाभ्याएवढंच पाडलं, आट्यांना मेण चोळलं. साबण नको म्हणालात, तो ओल धरून ठेवतो. पुढे कधी हे दार उतरवावं लागलं तर स्क्रू सहज निघावेत, एवढा पुढचा विचार फार थोडे करतात.

आता गच्चीच्या दाराकडे बघते आहे. तिथे ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचे स्क्रू आहेत आणि त्यांच्याभोवती पांढरी भुकटी जमली आहे. दोन धातूंमध्ये ओल आली की ॲल्युमिनियम आधी झिजतं, एवढं कळलं. प्लॅस्टिकचे वॉशर आणि स्क्रू जाम होऊ न देणारं अँटी-सीझ ग्रीस आणून ठेवलं आहे. हात घालण्याआधी तुम्ही एकदा नजर टाकलीत तर बरं होईल. सवडीने या.

तुमची शेजारीण