बॅकस्टेजच्या दादांना, पिलाताकडून

आदरणीय दादा,

तुमचं नाव इथे छापत नाही. "नाव नको, लोक उगाच फोन करतात," असं तुम्हीच म्हणालात. पण पत्र जाहीरच लिहितेय. प्रयोगानंतर सगळ्यांनी दिग्दर्शकाचं कौतुक केलं, येशूचं केलं, यहूदाचं केलं, माझंही केलं. तुमचं नाव मात्र एकाच्याही तोंडून आलं नाही. ते मला सारखं टोचतंय.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हे अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस या विशी-पंचविशीतल्या दोन पोरांनी रचलेलं रॉक संगीतनाट्य. आधी 1970मध्ये त्याची रेकॉर्ड आली आणि 1971च्या ऑक्टोबरात ते ब्रॉडवेवर उभं राहिलं. ख्रिस्ती आणि ज्यू, दोन्हीकडच्या संघटनांनी विरोध केला. येशूच्या अखेरच्या दिवसांची गोष्ट, तीही बरीचशी यहूदाच्या, म्हणजे त्याला पकडून देणाऱ्या शिष्याच्या नजरेतून, आणि पुनरुत्थानाच्या अलीकडेच संपणारी, म्हटल्यावर ठिणगी पडणारच. मुंबईत ते 1974मध्ये दिग्दर्शक अलेक पदमसींनी केलं. त्यात यहूदा होते नंदू भेंडे, म्हणजे आत्माराम आणि आशा भेंड्यांचे चिरंजीव. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही हातातला हातोडा खाली ठेवलात. "तीन पैशाच्या तमाशातले नंदू? मग हे नाटक आपलंच की!" तिथून पुढे तुमच्या लेखी ते 'येशूचं नाटक' झालं आणि इंग्रजीची भीती संपली.

आमचा संच तसा नेहमीचा नव्हता. कयफा या ज्यू मुख्य याजकाचं काम बाईने केलं. येशूचा शिष्य शिमोन झालेला नट अंध. मरीया मग्दालिया झालेली मुलगी कर्णबधिर. ती खुणांच्या भाषेत गायची आणि तिचा आवाज व्हायची विंगेपाशी उभी असलेली तिची मैत्रीण. पिलात, म्हणजे येशूला शिक्षा फर्मावणारा रोमन सुभेदार, मी, व्हीलचेअरवर. व्हीलचेअर का, ते सांगत बसत नाही. रिक्षावाल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

या नाटकात देवळाचा प्रसंग आहे. बाजार मांडून बसलेल्यांना येशू हाकलून देतो आणि मग आंधळे, लंगडे, महारोगी त्याला घेरतात, आम्हाला बरं कर म्हणून अंगावर येतात. पूर्वी एक हौशी मंडळी हेच नाटक करायला निघाली होती. मी दोन गाणी म्हणून दाखवली. माना डोलल्या. मग त्यांच्यातला जाणता म्हणाला, "आवाज छानच आहे. तुला त्या देवळातल्या गर्दीत बसवू. मेकअपसुद्धा लागणार नाही." त्यांचं नाटक काही उभं राहिलं नाही. मला वाईट वाटलं, असं म्हणणार नाही.

दुसरीकडे एका गाण्याच्या कार्यक्रमात चौघांनी मला खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! आणि एका नाट्यगृहाने रॅम्प बांधलाय, झकास, रेलिंगसकट. तो थेट एका कुलूपबंद दारापाशी जातो आणि दाराआड मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्यात. दिव्यांग हक्कांचा कायदा 2016चा. कायदा आला, रॅम्प आला, किल्ली कोणाकडे आहे ते अजून कळायचंय.

तुम्ही भेटलात ते या सगळ्यानंतर. आयुष्य मराठी व्यावसायिक रंगभूमीच्या विंगेत काढलेला माणूस, गळ्यात तुळशीची माळ. आमच्या दिग्दर्शकाला पिलाताच्या महालाला पायऱ्या हव्या होत्या, रोमन थाट दिसायला. तुम्ही लेव्हलकडे, म्हणजे स्टेजवरच्या उंच चौथऱ्याकडे बघत म्हणालात, "पायऱ्या कशाला? रुबाब असेल तर माणूस उतारावरून पण रुबाबातच येतो." आणि मग फक्त माझ्यापुरता बाजूला रॅम्प न करता अख्खं नेपथ्यच उतरतं केलंत. येशू त्याच उतारावरून, कयफा त्याच उतारावरून, शिपाई त्याच उतारावरून. एका फुटाला बारा फूट उतार लागतो, हे तुम्ही कुणाला विचारलंत ते मला माहीत नाही. दीड फुटाच्या लेव्हलसाठी अठरा फूट. स्टेजवर ते सरळ मावेना, तर मधेच वळवलंत. शिमोनला वळण कळावं म्हणून तिथे कापडाखाली सुतळी चिकटवलीत.

पण पत्र त्यासाठी नाही. उतार दिसतो, त्याचं कौतुक कोणीही करील. मला सांगायचंय ते पंचाबद्दल.

खटल्याच्या प्रसंगात पिलात येशूला फटके मारायला लावतो आणि स्वतः मोजतो, एक ते 39. जमाव तरीही मागे हटत नाही. शेवटी तो पाणी मागवून हात धुतो. हे झाल्या झाल्या मला अंधारात उतारावरून खाली यायचं होतं आणि लगेच यहूदाचं शेवटचं मोठं गाणं सुरू होणार होतं. पहिल्यांदा खऱ्या पाण्याने तालीम केली तेव्हा ओल्या तळव्यांत चाकाची कडी धरवेना. खुर्ची वळणापर्यंत घरंगळली, कशीबशी थांबवली. कोणाच्या लक्षात आलं नाही. दिग्दर्शक वर बघून प्रकाशाबद्दल बोलत होता. मीही गप्प बसले. आम्हा लोकांना एक सवय असते दादा, आणखी एक सोय मागितली तर 'हिचं फारच असतं' म्हणतील, या धाकाने गिळून टाकायची.

पुढच्या तालमीला झगा अंगावर चढवला, तर आत उजव्या मांडीपाशी पंचाचा एक तुकडा टाचलेला. हातशिलाई, लांब लांब टाके, दोन टोकांना घट्ट आणि मधे सैल. दोन्ही तळवे एकदम पुसता यावेत म्हणून. मी विंगेकडे पाहिलं. तुम्ही दोराला टेकून उभे होतात. म्हणालात, "ओल्या हाताने पडद्याचा दोर सुटतो. तुमचं पण तसंच असणार." एवढंच. मग तुम्ही पुढचा क्यू लावायला गेलात.

त्या तुकड्याने माझा पिलात बदलला. आधी मी हात धुऊन मोकळी होत होते. आता पुसत राहिले, झग्याच्या आत, कोणाला दिसू नये तसे. कोरडे झाले तरी पुसत राहिले. लहानपणापासून चर्चमधल्या 'क्रूसाची वाट' या प्रार्थनेत पहिल्याच थांब्याला पिलात ऐकत आलेय, पण त्या माणसाची घालमेल मला त्या सुती चिंधीने दाखवली. एका प्रेक्षक बाईंनी नंतर त्या पुसण्याबद्दल विचारलं. दिग्दर्शकाची कल्पना असणार, असं त्यांना वाटलं. मी खरं काय ते सांगितलं. त्यांना ते जरा कमी कलात्मक वाटलं असावं!

2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत हॉलिवुड बोल या खुल्या रंगमंचावर याच नाटकात सिंथिया एरिवो या कृष्णवर्णीय बाईने येशू केला, तेव्हाही पुष्कळांचा तिळपापड झाला. कोणी काय व्हावं यावर हिरीरीने बोलणारे खूप असतात. आमच्या बाजूनेही असतात. सर्वसमावेशक, समान संधी, सगळे शब्द मी व्यासपीठांवर ऐकलेत, बहुतेकदा व्यासपीठाच्या खालूनच. तुम्हाला यातला एकही शब्द बोलताना ऐकलं नाही. तुम्ही फक्त बघत होतात. माणूस चांगला आहे हे मी हल्ली त्याच्या बोलण्यावरून ठरवत नाही, माझी खुर्ची अडखळते तेव्हा त्याची नजर कुठे असते ते पाहते. आणि अशी माणसं असतात हो, मुंबईत रोज भेटतात. लोकलच्या दारात, सरकारी कचेरीत, एखादी केळीवाली. त्यांची गाणी कोणी करत नाही, त्यांना त्याची पडलेलीही नसते.

देवळाचं गाणं सात मात्रांचं, बँडवाली पोरं सारखी चुकायची. तुम्ही विंगेत बोटांच्या पेरांवर मोजत बरोबर क्यू द्यायचात, इंग्रजीचा एक शब्द न कळता. आणि प्रयोगाच्या दिवशी मला बाजूला घेऊन हळूच विचारलंत, "येशूच्या नाटकाला नारळ चालेल ना?" चालला. पहिल्या रांगेतल्या फादरांनी खोबरं दोनदा मागून घेतलं.

आता एक भांडण. निर्मात्याला खोट आली म्हणून तुम्ही तुमच्या नाईटचं, म्हणजे प्रयोगाच्या मानधनाचं पाकीट परत केलंत, असं मला कळलंय. असलं काही चालणार नाही. आम्ही सगळ्यांनी आपापली पाकिटं घेतली, तुम्ही का नाही? ते माझ्याकडे ठेवलंय. पुढच्या प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या घंटेच्या आधी ते तुमच्या खिशात गेलं नाही, तर पिलात उतारावर येणार नाही, मग बँडला काय वाजवायचं ते तुम्हीच सांगा.

तुमची,
पिलात