आजी, इथे नळालाही फुलं वाहतात

डर्बी (इंग्लंड), जूनचा पहिला आठवडा

प्रिय आजी,
साष्टांग नमस्कार.

दादाला सांग पत्र मोठ्याने वाचायला आणि मधलं काही गाळायचं नाही. फोनवर तू आधी जेवलीस का ते विचारतेस, मग रेंज जाते आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहितेय.

आजी, इथे विहिरी सजवतात. डर्बीच्या वरच्या अंगाला डोंगराळ भाग आहे, पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात, तिथल्या कितीतरी गावांत मे महिन्यापासून पार सप्टेंबरपर्यंत एकेका गावाची पाळी येते. विहीर म्हणजे आपल्यासारखी आठ परस खोल, पायऱ्यांची नाही हां, डोंगरातून झरा येतो आणि त्याच्यापुढे दगडी कोंडाळं बांधलेलं असतं. जमीन चुनखडीची, पाऊस भरपूर पण पाणी सगळं खाली झिरपून जातं, वर ठरत नाही. तेव्हा जिथे झरा आहे तिथे माणसं जीव टाकणारच ना.

टिसिंग्टन नावाचं गाव यात सगळ्यात जुनं मानतात. लहानसं गाव, पण पाच-सहा विहिरी. तिथे दोन गोष्टी सांगतात, एक म्हणजे 1348-49 ला प्लेग आला तेव्हा आसपासची गावं ओस पडली पण हे गाव चांगल्या पाण्यामुळे वाचलं, आणि दुसरी 1615 च्या दुष्काळाची, सगळीकडे ठणठणाट पण इथल्या विहिरी आटल्या नाहीत आणि लांबलांबची माणसं पाण्याला यायची. ही दुसरी गोष्ट ऐकली आणि मला एकदम तूच दिसलीस. 72 ला आपल्या विहिरीवर रात्री दोन वाजता कंदील घेऊन रांग लागायची, तू मला थोपटत थोपटत सांगायचीस ना, अगदी तेच.

आमच्या ऑफिसातल्या एक बाई वर्क्सवर्थ नावाच्या गावच्या आहेत, तिथेही विहिरी सजवतात, सत्तरीला आल्या असतील, त्या म्हणाल्या नुसतं बघायला काय येतेस, कामाला ये. मग गेले, तीन संध्याकाळ गेले. लाकडाच्या मोठ्या फळ्या असतात, त्यांना शेकडो खिळे ठोकलेले, त्या आधी काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात म्हणजे फळी नंतर मातीतलं पाणी ओढून घेत नाही. चिकणमातीत मीठ घालून ती पायांनी तुडवतात, कुंभार तुडवतो ना तशीच, आणि फळीवर इंचभर जाड थापतात. मीठ घातलं की माती लवकर सुकत नाही. मग चित्राचा कागद वर ठेवून टाचणीने टोचत जायचं, कागद काढला की मातीवर ठिपके उमटतात, आपली छाप्याची रांगोळीच म्हण. ठिपक्यांवरून अल्डर नावाच्या झाडाची काळी बोंडं नाहीतर कॉफीच्या बिया लावून रेघ काढायची आणि मग आत रंग भरायचा, रंग म्हणजे फक्त पाकळ्या, पानं, शेवाळ, बिया. प्लास्टिकचं काही चालत नाही.

मला एक पिवळं शेत दिलं होतं, तळहाताएवढंच. बटरकप नावाचं पिवळं रानफूल असतं, त्याची पाकळी नखाएवढी असते, एकेक घ्यायची, बुडाशी बोटाने मातीत दाबायची, आणि खालून वर जायचं. खालून का तर वरची पाकळी खालच्या पाकळीवर अर्धी आली पाहिजे, म्हणजे पाऊस आला तरी पाणी घरंगळून जातं. आजी, आपण कौलं शाकारतो तशी!! मी त्या बाईंना मोबाईलवर आपल्या घराच्या छपराचा फोटो दाखवला तर त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. तेवढ्या शेताला मला अडीच तास लागले, मान आखडली, पण उठावंसं वाटेना. आणि एवढं सगळं करून ते टिकतं जेमतेम आठवडाभर. पाद्री येऊन आशीर्वाद देतो, बँड वाजतो, लोक बघायला येतात, मग पाकळ्या काळ्या पडतात, मातीला भेगा जातात आणि फळ्या उतरवतात. आपल्या गणपतीसारखंच.

पण ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले ते आता सांगते. वर्क्सवर्थला 1827 ला नळ आले. तर लोकांनी काय करावं, नळच सजवले! युलग्रेव नावाच्या गावात 1829 ला नळाचं पाणी आलं, तिथेही तेच, आणि त्या गावाची आजसुद्धा स्वतःची पाणी कंपनी आहे. आपल्याकडे नळ आला त्या वर्षी आपण काय केलं? विहिरीकडे पाठ फिरवली. मागच्या डिसेंबरात मी आले तेव्हा आत वाकून बघितलं, पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, कुणाचीतरी गादी. साती आसरांच्या दगडांवर शेंदूर उरलेला नाही, तुझे गुडघे गेल्यापासून तिथे ओटी कोण भरणार. मी त्या दिवशी काही बोलले नाही पण मला फार लागलं गं. त्याच पाण्यावर आपलं अख्खं गाव जगलं ना.

म्हणून दादा, आता तुला सांगतेय. गाळ काढायला किती खर्च येतो ते विचारून ठेव, मी अर्धे पाठवते, बाकीच्याचं बाबांना गावातल्या चार लोकांशी बोलायला सांग. पाऊस सुरू व्हायच्या आत वरची घाण तरी उपसून घ्या. आणि आजीला खुर्चीत बसवून विहिरीपर्यंत ने, फार लांब नाही. आजी, तू आसरांना शेंदूर लाव, खण-नारळाने ओटी भर, परसातली अबोली फुलली असेल तर तिचा एक गजरा माझ्या नावाने ठेव. येताना दारातल्या नळालाही हळदकुंकू लाव.

फोटो वेगळे पाठवतेय, त्यात डाव्या कोपऱ्यात खाली जे पिवळं दिसतंय ना, ते माझं शेत.

तुझीच,
छोटी