मधुरास, गाडीच्या फाइलसोबत

नाशिकरोड, मंगळवार रात्र

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या अपघाताच्या क्लेमवरून मी आवाज चढवला, तू फोन ठेवलास. पुन्हा तेच नको म्हणून लिहितोय. फाइल आणि हे पत्र आईच्या हाती देतोय. आधी सांग, मान कशी आहे? असा हिसका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतो. एकदा दाखवून ये. बरं, मानेचं एवढंच.

तुझा राग खरा आहे. पाथर्डी फाट्याच्या सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येऊन धडकला तो पिकअपवाला, मग क्लेम माझ्या पॉलिसीवर का, असंच ना? पिकअपचा थर्ड पार्टी विमा असता, तर तुझं नुकसान मोटार अपघात न्यायाधिकरणामार्फत त्याच्या विमा कंपनीकडून मागता आलं असतं. विमाच नाही, म्हणजे उरला मालक. कायद्याने तो जबाबदार आहेच, पण त्याच्या खिशातून पैसे निघेपर्यंत गाडी गॅरेजच्या दारातच राहील. म्हणून आधी आपल्या पॉलिसीतला ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग.

मालक पंधरा हजार देतोय आणि 'काही तक्रार नाही' असं स्टॅम्पवर लिहून मागतोय, हे आईकडून कळलं. सही करू नकोस. आपल्या विमा कंपनीने आपल्याला पैसे दिले, की ते मालकाकडून वसूल करण्याचा हक्क तिच्याकडे जातो. तो हक्क तूच सोडून दिलास, तर कंपनी तुझ्या क्लेमला हरकत घेईल. शिवाय त्या ओळीत गाडीबरोबर तुझी मानही मिटवली जाते. दुखणं पुढे वाढलं तर काय दाखवणार?

सरकारच्या एम-परिवहन ॲपवर पिकअपचा नंबर टाकून विम्याची तारीख संपल्याचा स्क्रीनशॉट आजच काढ. उद्या त्याने नवा विमा उतरवला, तर तिथे नवीनच तारीख दिसेल. पोलिसांत नोंद करून प्रत घे. हद्द इंदिरानगरची की अंबडची, ते विचारून जा. नोंदीत चालकाबरोबर मालकाचं नाव, उलट्या दिशेने आल्याचं आणि विमा नसल्याचं, सगळं यायला हवं. विम्याशिवाय गाडी चालवणं हा कलम 196 चा गुन्हा आहे: पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. क्लेम फॉर्ममधली हकीकत त्या नोंदीशी शब्दाला शब्द जुळू दे. वेळ एकीकडे साडेसात आणि दुसरीकडे नऊ लिहिली, की शंका तिथूनच सुरू होते.

कंपनीला अजून कळवलं नसशील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी फोन कर, क्लेम नंबर घे. कंपनीचा सर्व्हेयर नुकसान बघायला येतो, त्याने बघण्याआधी गॅरेजवाल्याला एक स्क्रूही काढू देऊ नकोस. खोलल्यावर आतलं काही निघालं, रेडिएटरचा सपोर्ट वाकलेला असतो बऱ्याचदा, तर काम थांबवून सर्व्हेयरला पुन्हा बोलवायचं आणि वाढीव एस्टिमेट द्यायचं. जुने पार्ट तोवर टाकू द्यायचे नाहीत. आणि स्टार्ट मारून बघू नकोस गं. कूलंट गळत असताना इंजिन तापून बसलं, तर तो खर्च कंपनी देत नाही.

आता एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. फाइलमध्ये हिशोब मांडलाय, तरी इथे लिहितो. एस्टिमेट साठ हजार. झिरो डेप, म्हणजे पार्टच्या जुनेपणाची कपात टाळणारं जादा कव्हर, तू यंदा घेतला नाहीस (त्यावर काही बोलत नाही). प्लास्टिकचे 24 हजार, त्यात निम्मे कापतात: 12. पत्र्याचे 16 हजार, गाडी चौथ्या वर्षात म्हणून पंचवीस टक्के: 4. रंगाच्या 12 हजारांत पाव भाग माल धरून त्याचे निम्मे: दीड. मजुरीचे 8 हजार पूर्ण मिळतात. प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची सक्तीची वजावट एक हजार. हातात साडेएक्केचाळीस. तुझा एनसीबी 35 टक्क्यांवरून शून्यावर येईल, पण तो फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर असतो. तो दरवर्षी नऊ हजार धरला, तरी पुन्हा 50 वर पोचेपर्यंत एकूण 10,800 चं नुकसान. म्हणजे तीस हजार तुझ्या बाजूला. कापलेले साडेअठरा हजार मालकाकडे लेखी माग.

मी पुन्हा शिकवणीच सुरू केली ना. माफ कर. तपोवनाच्या रस्त्यावर क्लच सोडताना रडायचीस आणि मी 'सोड, सोड' ओरडायचो. तीच तू परवा पावसात एकटीने कसारा उतरलीस. मामाला मी तीनदा सांगितलं. तुला नाही सांगितलं.

मानेचं काढणार नव्हतो, पण ते क्लेममध्येच येतं. सिव्हिलला किंवा कुठेही जा, डॉक्टरांना 'अपघातात लागलं' असं स्पष्ट सांग आणि केसपेपरवर तसं लिहून घे. दुखापतीची भरपाई मालकाकडून मागायची, तर न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. 'झोपेत अवघडली' असं लिहिलेला कागद तिथे उपयोगाचा नाही.

फाइलमध्ये आरसी, पॉलिसी, लायसन्सची झेरॉक्स आणि रद्द केलेला चेक आहे. डब्यात मेथीचे लाडू आहेत, अर्धे राजूला दे. एक्सरे काढलास की आईला फोन कर. मी शेजारीच बसलेलो असेन.

तुझे,
बाबा