इटालियन शिकावी, पण मराठीतून

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे इटालियन भाषेचे प्राथमिक वर्ग बहुधा इंग्रजीच्या आधाराने चालतात, आणि त्यामुळे मराठी माणसाला बरीच सोपी जाऊ शकणारी ही भाषा उगाचच अवघड होऊन बसते, असे माझे गेल्या वर्षभराच्या अनुभवावरून झालेले मत आहे. त्याकडे आपले आणि आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी मुलगी इटलीत तोरीनो शहरात राहते. तिच्या बाळंतपणासाठी मी जवळजवळ तीन महिने तिथे होते, आणि जाण्याआधी सहा महिने पुण्यातल्या एका वर्गात इटालियन शिकत होते. वर्गात साठी उलटलेली मी एकटीच. बाकी बहुतेक जण शिक्षणासाठी इटलीला निघालेली मुले, शिवाय दोन अभियंते. बारामतीत पियाजिओ आणि फेरेरो, रांजणगावात फियाट असे इटालियन नावांचे कारखाने असल्यावर अभियंत्यांना ही भाषा शिकावीशी वाटावी, हे साहजिकच आहे. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवत. पण पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी तयार केलेले होते. त्यातल्या अडचणी इंग्रजांच्या, आणि त्या अडचणींवरची उत्तरेही त्यांचीच.

तोरीनोला पोहोचल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेले. तिथे ‘बार’ म्हणजे कॉफीचे आणि सकाळच्या खाण्याचे दुकान. कॉफी मागितल्यावर काउंटरमागचा मुलगा म्हणाला, ‘प्रीमा आल्ला कास्सा, सिन्योरा.’ घराला ‘कासा’ म्हणतात, एवढे मला पाठ होते, म्हणून तो मला आधी घरी जायला सांगतो आहे असे समजून मी तशीच बाहेर पडले, आणि तो अपमान दिवसभर मनात राहिला. संध्याकाळी मुलीने उलगडा केला. ‘कास्सा’ म्हणजे गल्ला. गर्दीच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि ती काउंटरवर दाखवून कॉफी घ्यायची, अशी तिथली रीत आहे. तो मुलगा अगदी अदबीने बोलला होता.

आता विचार करते, तेव्हा वाईट या गोष्टीचे वाटते की ही चूक माझ्या कानाची नव्हती. आपण ‘कला’ आणि ‘कल्ला’ यांत कधी गोंधळ करत नाही. इटालियनमध्येही ‘सेते’ म्हणजे तहान आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात, ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. जोडाक्षराचा हा भेद मराठी मुलाला बालवाडीपासून येतो. इंग्रजीत मात्र दोनदा लिहिलेले अक्षर उच्चारात एकदाच येते, आणि वर्गात आम्ही इटालियन शब्द त्याच सवयीने वाचत होतो. तेच त आणि द यांचे. इटालियन त आणि द हे आपल्या त-द सारखे दंत्य आहेत, पण रोमन लिपीतले अक्षर दिसले की आमच्या तोंडून ट आणि ड निघे. ‘तुत्तो’ या साध्या शब्दाचा, म्हणजे ‘सगळे’ या अर्थाच्या शब्दाचा, आम्ही ‘टुटो’ करत होतो. ‘ग्रात्सिए’ म्हणजे आभार, हा शब्द तर पहिल्याच धड्यात येतो. त्याच्या मधला उच्चार समजावून देण्यात आमच्या वर्गाचा पाऊण तास गेला. एका वाक्यात सांगता आले असते की हा ‘चमचा’मधला च आहे, आणि ‘चाओ’ या सलगीच्या नमस्कारातला च हा ‘चहा’मधला आहे. दोन्ही च मराठीत आहेत. ज्या भाषेत हा भेद रोजच्या बोलण्यात आहे तिच्या मुलांना तो इंग्रजीतून समजावून सांगावा, हे मला पटत नाही.

व्याकरणात तर हे आणखी ठळकपणे दिसते. ‘मि प्याचे इल काफ्फे’ या वाक्यावर आमच्या पुस्तकाने दोन पाने खर्च केली होती, कारण इंग्रजी माणूस ‘मी कॉफी आवडतो’ अशा रचनेत विचार करतो आणि त्याला हे वाक्य उलटे वाटते. आपल्याला ते सरळ आहे: मला कॉफी आवडते. आवडणाऱ्या वस्तू अनेक असतील तर क्रियापद बदलते, ‘प्याचे’चे ‘प्याच्चोनो’ होते, जसे आपण ‘मला सफरचंदे आवडतात’ म्हणतो. मी गेले आणि मी गेलो हा बाई-पुरुषाचा फरकही तिथे तसाच आहे: बाई म्हणते ‘सोनो अन्दाता’, पुरुष म्हणतो ‘सोनो अन्दातो’. कर्ता न बोलता नुसत्या क्रियापदावर वाक्य निभावणे हेही आपल्यासारखेच.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. बारशाला मी पुरणपोळ्या केल्या आणि समोरच्या दारी राहणाऱ्या आजींना एक नेऊन दिली. दारात उभी राहून मी ‘पेर्मेस्सो?’ म्हणाले, म्हणजे ‘आत येऊ का?’, कारण दार उघडे असले तरी हे विचारल्यावाचून तिथे कुणी कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही. दुसऱ्या दिवशी आजी रिकामी ताटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘लो मान्जाता तुत्ता!’ म्हणजे ‘ती मी सगळी खाल्ली!’ त्या शेवटच्या दोन ‘ता’ऐवजी मला मराठीच ऐकू आली. पोळी खाल्ली, लाडू खाल्ला. ‘ती’ म्हणून आधी उल्लेख झालेली वस्तू स्त्रीलिंगी म्हणून ‘मान्जाता’, पुल्लिंगी असती तर ‘मान्जातो’. खाणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष, याचा इथे संबंधच नाही. वर्गात हा नियम मी तीन वेळा वहीत उतरवून घेतला होता आणि तीनही वेळा विसरले होते. आजींच्या त्या वाक्यानंतर तो मला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

मान देण्याच्या बाबतीतही असेच आहे. ‘तू’ हा शब्द दोन्ही भाषांत उच्चाराने आणि अर्थाने एकच आहे, आणि अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसासाठी ‘लेइ’ हा वेगळा शब्द आहे. अरेतुरे करणे आणि अहोजाहो करणे यांसाठी तिथे ‘दारे देल तू’ आणि ‘दारे देल लेइ’ असे रूढ शब्दप्रयोगसुद्धा आहेत. आमच्या पुस्तकाने मात्र सगळीकडे ‘चाओ’ शिकवले होते. डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा भाजीवाल्या काकांकडे शिरताना ‘चाओ’ म्हणणे बरोबर नाही, ‘ब्वोन्जोर्नो’, म्हणजे ‘शुभ दिवस’, म्हणायचे असते, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही एकदा सांगितले की पुरे.

सगळेच सोपे आहे असा माझा दावा नाही. नामाआधी येणारी ‘इल’, ‘लो’, ‘ला’, ‘ल्यि’ ही उपपदे आपल्याकडे नाहीत आणि ती मला अजूनही चकवतात. लिंगे दोनच असली तरी आपल्या लिंगांशी जुळतातच असे नाही. आपला हात तो, त्यांची ‘मानो’ ती. आपण ‘तुम्ही’ला अनेकवचनी क्रियापद देतो, तर ‘लेइ’ला एकवचनी लागते. शंभर ग्रॅमला ‘एत्तो’ म्हणतात हे ठाऊक नसेल, तर चीजच्या दुकानात नुसते उभे राहावे लागते. पण या अडचणी मराठी माणसाच्या खऱ्या अडचणी आहेत, आणि वर्गाचा वेळ त्यांवर खर्च व्हायला हवा. शब्दांच्या बाबतीतही आपण कोरे नाही. पोर्तुगिजांकडून मराठीत आणि कोकणीत आलेली चावी तिथे ‘क्यावे’ आहे, बटाटा ‘पाताता’ आहे, अननस ‘अनानास’ आहे, आणि ‘पागारे’ म्हणजे पैसे देणे.

माझी मुलगी तिथल्या सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रात शिकली. परदेशातून आलेल्यांसाठी अशी केंद्रे इटलीत ठिकठिकाणी आहेत. तिच्या वर्गात इंग्रजी मध्ये येतच नसे, आणि तिचे बोलणे माझ्यापेक्षा फार लवकर मोकळे झाले. तिथे दीर्घकाळ राहण्याच्या परवान्यासाठी ए-२ पातळीचे आणि नागरिकत्वासाठी बी-१ पातळीचे (युरोपातल्या सहा भाषा-पातळ्यांपैकी खालून दुसऱ्या आणि तिसऱ्या) इटालियन यावे लागते, त्यामुळे तिथे स्थायिक होऊ पाहणाऱ्यांसाठी हा केवळ हौसेचा प्रश्न नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, विद्यापीठांचे परकीय भाषा विभाग, मराठी प्रकाशक आणि इटलीत राहून ती भाषा चांगली बोलणारी आपली मंडळी यांनी मिळून नवशिक्यांसाठी रोजच्या संभाषणाचे एक मराठी पुस्तक तयार करावे. उच्चार देवनागरीत द्यावेत, सोबत इटालियन माणसांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण असावे, आणि सुरुवात बाजार, दवाखाना, गल्ला आणि शेजारचे दार यांपासून करावी. आपल्यालाही एक विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रात इटालियन कवी दांतेचे नाव द आणि त वापरून बरोबर छापले जाते. तोच न्याय तोरीनोलाही मिळावा आणि तिथे ‘ट’ छापला जाऊ नये.

आपली,
एक वाचक,
कोथरूड, पुणे